रेस घाटातच का अडकते?

प्रश्न: वडिलांनी घेतलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून चालू आहे. अचलपूर-परतवाडा फेऱ्यांना काहीच तक्रार नाही. पण चिखलदऱ्याचा घाट चढताना वळणावर पाय उचलला तरी रेस उतरत नाही. पेडलला दोन-तीन झटके दिले की सुटते. मिस्त्री म्हणते, कार्बोरेटर गेलं, नवीन टाका. टाकू का?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर: थांबा भाऊ, एवढ्यात टाकू नका. ‘घाटातच’ हा शब्द तुम्ही सहज लिहिला असेल, पण माझा संशय त्यावरूनच दुसरीकडे गेला.

आधी जिवाचं. परतीच्या उतारावर रेस अडकली तर क्लच दाबा, ब्रेक लावा, गाडी न्यूट्रल करा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. मग चावी एकच घर मागे फिरवा. चालत्या गाडीत ती उपसून काढू नका, स्टेअरिंग लॉक झालं तर वळण तुमच्या हातात राहणार नाही. पद्मिनीला पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे इंजिन बंद पडल्याने ते आणखी जड होणार नाही. पेडल उचलायला खाली वाकू मात्र नका.

आता दोष शोधू. घाटातून येऊन गाडी थांबवली की इंजिन बंद करा आणि ते गरम असतानाच बोनेट उघडा. सायलेन्सरच्या बाजूला हात भाजणार नाही एवढं बघा. पेडलकडून येणारी दांडी कार्बोरेटरच्या खटक्यातून सोडवा आणि खटका बोटाने पूर्ण उघडून सोडून द्या. तो ‘टक्’ करून जागेवर आला तर कार्बोरेटर निर्दोष आहे आणि तुमचे पैसे वाचले. अर्ध्यात रेंगाळला तर मात्र मिस्त्रीचं म्हणणं ऐका. तरी लगेच बदलू नका. बटरफ्लायच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या झडपेच्या, दांड्याला राळेसारखा थर धरलेला असतो, विशेषतः महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत. तो साफ केला की बरेचदा काम भागतं. दांडा बसतो ती भोकंच झिजली असतील तेव्हा खर्चाचं बोलू.

तुमच्या गाडीत खटका ‘टक्’ करेल असा माझा अंदाज आहे. कारण असं : चढावर जोर लागला की इंजिन आपल्या रबरांवर एका अंगाला कलतं. आपल्या गॅरेजात त्या रबरांना फाउंडेशन म्हणतात. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाल्याला चाळीस वर्षं झाली. तेल पिऊन आणि वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या झळा सोसून ती रबरं चिक्कीसारखी तडकतात. मग इंजिन हवं त्याहून जास्त कलतं. कार्बोरेटर इंजिनावर बसलेलं, पेडल बॉडीला; मधली दांडी ओढली जाते किंवा तिरपी होऊन अडकते. सपाट रस्त्यावर एवढा जोर येतच नाही, म्हणून परतवाड्याच्या बाजारात गाडी शहाण्यासारखी वागते. इंजिन बंद ठेवून टॉमीने ते हलकेच उचलून पाहा. रबर आणि पत्रा वेगळे झालेले दिसले तर फाउंडेशन बदलायला घ्या.

दांडीचे सांधे आणि पेडलची बिजागरीही सोडवून रॉकेलने धुवा, पुसा, आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा. ग्रीस थापू नका. आपल्याकडची धूळ त्यात कालवली गेली की त्याची पॉलिशपेपरसारखी लापशी होते. मधल्या काळात कोणी दांडी काढून केबल बसवली असेल तर तिचं कव्हर सायलेन्सरला टेकून वितळलंय का ते पाहा. परतीची स्प्रिंग ढिली झाली असेल तर बदला. पण दोष तसाच ठेवून नुसती जाड स्प्रिंग लावण्याचा सल्ला मला पटत नाही. पेडल जड होतं आणि अडकायचं ते अडकतंच.

आणि हो, पेडलखालचा पायपोस. एकदा मी स्वतः अर्धा रविवार कार्बोरेटर खोलण्यात घालवला आणि संध्याकाळी कळलं, दुमडलेल्या पायपोसाची कड पेडलला धरून बसली होती. ते बायकोने दाखवलं.

एक शक्यता उरते. बटरफ्लाय पूर्ण बंद आहे, तरी रेस उतरत नाही. तेव्हा चोकची नॉब पूर्ण आत आहे का पाहा. मग कार्बोरेटरखालच्या गॅसकेटमधून हवा ओढली जाते का तपासा. तिथेही काही नसेल तर डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) टोपी काढा : आतली वजनं गंजून बाहेरच अडकली, की टायमिंग पुढे राहतं आणि इंजिन जोरात फिरत राहतं. असं निघालं तर कळवा, डेल्कोचं पुढच्या वेळी सविस्तर लिहितो.