पिर्ग्याहून परत फिरलेला तरुण

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये १३:१-१३, १५:३६-४१, कलस्सै. ४:१०, २ तीमथ्य ४:९-११

आपल्या बहुतेक मंडळ्यांत असा एक जण असतो. एके काळी तो तरुणसंघात पुढे असे. गायनात त्याचा आवाज ओळखू येई. मग काहीतरी घडले. घेतलेले काम त्याला पेलले नाही, किंवा तो व्यसनात सापडला, किंवा सोपवलेली जबाबदारी अर्ध्यावर टाकून निघून गेला. आता नाताळ आणि उत्तम शुक्रवार एवढ्याच दिवशी तो मंदिरात येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद होताच बाहेर पडतो. मंडळी आपल्याविषयी काय म्हणते हे त्याला पक्के ठाऊक असते. देव काय म्हणतो हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्याच्यासाठी, आणि त्याच्या पुढच्या बाकांवर बसणाऱ्या आपणांसाठीही, नव्या करारात एका तरुणाची हकिगत आहे. ती एके ठिकाणी सलग सापडत नाही. वेगवेगळ्या पुस्तकांतील ओळी जुळवून ती वाचावी लागते.

१. चांगल्या घरचा मुलगा

योहान मार्क हा यरुशलेमेतील मरीया नावाच्या बाईचा मुलगा. तिच्या घरी मंडळी प्रार्थनेस जमत असे. तुरुंगातून सुटलेल्या पेत्राने त्याच घराचे दार ठोठावले (प्रे. कृ. १२:१२). बर्णबा मार्काचा भाऊबंद होता. मूळ ग्रीक शब्द चुलत, मावस, आते, मामे अशा सर्वच भावंडांना लागू पडतो.

इ.स. ४७ च्या सुमारास बर्णबा व पौल पहिल्या सुवार्ताफेरीस निघाले, तेव्हा मार्क त्यांचा मदतनीस म्हणून सोबत होता. कुप्र बेट त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केले. पुढे समुद्र ओलांडून ते पंफुल्यातील पिर्ग्यास पोहोचले. तेथून वाट टॉरस पर्वताच्या अवघड घाटांतून वर जात होती. येथेच मार्क त्यांना सोडून यरुशलेमेस परतला.

तो का परतला? कोणी म्हणतात, प्रवासाच्या कष्टांना भ्याला. कोणी म्हणतात, बर्णबाला मागे सारून पौल पुढारी झाला हे त्याला रुचले नाही. लूक मात्र एका वाक्यात घटना सांगतो व कारणाविषयी गप्प राहतो. ही शांतता आपण शिकण्यासारखी आहे. आपल्यात कोणी पडला, तर उपासनेनंतरचा चहा संपण्यापूर्वीच त्याच्या पडण्याची तीन कारणे तयार झालेली असतात.

२. दोन देवमाणसांचा वाद

यरुशलेमेतील सभेनंतर, म्हणजे इ.स. ४९ च्या सुमारास, पौलाने पुन्हा त्या मंडळ्यांना भेट देण्याचे सुचवले. बर्णबा म्हणाला, मार्काला बरोबर घेऊ. पौलाला ते पटले नाही. पिर्ग्याची घटना सांगताना लूकाने वापरलेला शब्द साधा आहे, ‘निघून जाणे’ एवढाच. पण पौलाचे मत सांगताना तो अधिक कडक शब्द वापरतो. विश्वासापासून मागे फिरणाऱ्यांविषयी नव्या करारात हाच शब्द आला आहे. वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकियातून गेला. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला.

पौलाचे म्हणणे क्षुल्लक नव्हते. त्याच मुलखात, लुस्त्र येथे, त्याला दगडमार झाला होता. अशा वाटेवर मध्येच सोडून जाणारा सोबती इतरांनाही संकटात टाकतो. क्षमा करणे आणि लगेच तीच जबाबदारी पुन्हा हाती देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळीच्या पैशांचा हिशेब बिघडवलेल्या माणसाला प्रीतीने जवळ करावे. पण दुसऱ्या दिवशी पेटीची किल्ली त्याच्याकडे द्यावी असे कोणी म्हणणार नाही.

तरी बर्णबाचेही खरे होते. पौलाने काम जपले, बर्णबाने माणूस जपला. मार्काने ज्या कुप्रात एकदा नीट सेवा केली होती, तेथेच त्याने त्याला पुन्हा नेले. आणि हे बर्णबा प्रथमच करीत नव्हता. पौल ख्रिस्ती झाल्यावर यरुशलेमेतील शिष्य त्याला भीत होते, तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता (प्रे. कृ. ९:२६-२७). पौल स्वतः त्याच दारातून आत आला होता.

३. नाव नसलेली वर्षे

यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत मार्काचे नाव पुन्हा येत नाही. सुमारे दहा-बारा वर्षे गेली. मग पौल बंदिवासातून कलस्सैकरांना लिहितो की, मार्क तुमच्याकडे आला तर त्याचे स्वागत करा. फिलेमोनाच्या पत्रात तो त्याला आपल्या सहकाऱ्यांत मोजतो. आणि तीमथ्याला दुसरे पत्र लिहिताना, मरण समोर दिसत असता, पौल निरोप धाडतो : मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

येथील ‘उपयोगी’ हा ग्रीक शब्द पौलाने अनेसिमाविषयीही वापरला आहे (फिलेमोन ११). अनेसिम हा धन्यापासून दुरावलेला दास, मार्क हा वाटेतून परत फिरलेला सेवक. दोघांनाही ख्रिस्ताच्या घरात एकच शब्द मिळाला.

पण आधीची ओळही वाचा. तेथे देमासाचे नाव आहे. फिलेमोनाच्या पत्रात मार्क आणि देमास एकाच यादीत आहेत. येथे देमास ऐहिक सुखाच्या मोहाने पौलाला सोडून गेला आहे. परत येण्याची वाट मोकळी आहे, पण चालावे आपल्यालाच लागते.

४. आशेचा पाया

मग आपली आशा मार्काच्या निर्धारावर उभी आहे काय? नाही. तिचा पाया आणखी खोल आहे.

पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटी मार्काला आपला मुलगा म्हणतो. हेरापलीच्या पपियसाची दुसऱ्या शतकातील साक्ष युसेबियसाने आपल्या इतिहासात जतन केली आहे. तीप्रमाणे मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि पेत्राने सांगितलेले त्याने काळजीपूर्वक लिहून ठेवले. म्हणजे प्रभूला तीनदा नाकारणाऱ्याने सांगितले आणि पिर्ग्याहून परतणाऱ्याने लिहिले!

त्या शुभवर्तमानात पेत्राचे नाकारणे झाकलेले नाही. परंतु पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेजवळील तरुण स्त्रियांना निरोप देतो, तो शिष्यांसाठी आणि पेत्रासाठी (मार्क १६:७). पेत्राचे वेगळे नाव त्या निरोपात फक्त मार्कच नोंदवतो. सर्व शिष्य म्हटल्यावर त्यात पेत्र आलाच. पण लाजेने खाली मान घातलेल्या माणसाला, आपण त्या ‘सर्वां’मध्ये अजून आहोत काय, हेच ठाऊक नसते. म्हणून प्रभू त्याला नावाने बोलावतो. वधस्तंभावर त्याने त्या पापाची किंमत आधीच भरली आहे. बर्णबाचा हात हा त्याच प्रभूच्या हाताची सावली होय.

शेवटच्या बाकावरील बंधो, भगिनी, तुझे पिर्गा देवाला ठाऊक आहे. त्याने तुझे पुस्तक तेथे मिटलेले नाही. आज जेवढी सेवा जवळ आहे, तेवढी घे. वर्षे लागली तरी निराश होऊ नकोस.

संडे-स्कूल शिक्षकांसाठी

नकाशावर कुप्र, पिर्गा व यरुशलेम दाखवून मार्काची वाट मुलांकडून रेखून घ्यावी. मोठ्या वर्गात पुढील प्रश्नांवर चर्चा करावी :

१. पौल व बर्णबा यांच्यापैकी प्रत्येकाचे कोणते म्हणणे योग्य होते?
२. क्षमा करणे आणि पुन्हा विश्वास टाकणे यांत फरक कोणता?
३. आपल्या मंडळीत या महिन्यात कोणाच्या घरी आपण बर्णबा होऊन जाऊ शकतो?

प्रार्थना : हे प्रभो, पेत्राला तू नावाने बोलावलेस, तसे आम्हांलाही बोलाव. जे परत येत आहेत त्यांच्यासाठी आमची दारे व आमची मने उघड. आमेन.