सातबारा सगळ्यांनी मिळून पाहावा

शिरूर-दौंड भागांत सातबाऱ्यासाठी पूर्वी चावडीवर खेटे घालावे लागत. आता महाभूलेखाच्या पानावर काचेला बोट लावले की तो दिसतो. पण ज्याच्या हातात फोन, तोच काय ते सांगणार. बाकीच्यांनी माना डोलवायच्या. हे बरे नव्हे. मोठ्या काचेची टॅब घ्या. ती मध्ये ठेवून पांचसहा जण भोवती बसा.

बोट एकाचेच चालू द्या. दोघांनी दाबले की भलतेच गाव उघडते! इतरांनी मोठ्याने वाचावे : जिल्हा पुणे, तालुका, गाव. मग गट नंबर. तो म्हाताऱ्यांना पाठ असतो. त्यांना पुढे बसवा. नंबर आठवेना, तर नावानेही शोधता येते.

नमुना ७ वर मालकांची नावे, १२ वर पिके. नावे सावकाश वाचा. सखूबाईचे नाव दादा विसरतील, सखूबाई कशी विसरेल? वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, असा हिंदू वारसा कायदा २००५ साली सुधारला आहे. मयताचेच नाव दिसले, तर वारस-नोंद राहिली आहे. चावडीवर अर्ज द्या.

फुकट दिसणारा उतारा नुसता पाहण्यापुरता. बँकेसाठी डिजिटल सहीचा घ्या. तो २०१८ पासून मिळतो, पंधरा रुपयांत.