मारियाची काळी मडकी

फर्स्ट इयरला फाउंड्रीत माझं कास्टिंग भोकाभोकांचं निघालं. सर एवढंच म्हणाले, "वाळूत ओल राहिली." तेव्हा फार राग आला होता. परवा लायब्ररीत मारिया मार्टिनेझबद्दल वाचताना तेच वाक्य पुन्हा आठवलं.

मारिया अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातली, सान इल्देफोन्सो या गावची. हे तेवा भाषा बोलणाऱ्या आदिवासींचं गाव. जन्म १८८७ च्या सुमाराचा. मडकी घडवायला ती मावशीकडे बघून शिकली. तोपर्यंत बाजारात स्वस्त पत्र्याची भांडी आली होती आणि मातीची भांडी मागे पडत चालली होती. १९०८ च्या सुमारास एडगर ह्युएट या पुरातत्त्व संशोधकाने तिला उत्खननात सापडलेली जुनी खापरं दाखवली आणि तशी भांडी करून मागितली. मारिया आणि तिचा नवरा हुलियान कामाला लागले.

आता प्रोसेस बघा. यात चाक नाहीच! मातीत ज्वालामुखीची बारीक राख मिसळायची, म्हणजे भाजताना भांडं तडकत नाही. 'पुकी' नावाच्या उथळ ताटलीत बूड बसवायचं आणि त्यावर मातीच्या वळ्या एकावर एक रचत जायचं. भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने भिंती सारख्या करायच्या. नीट वाळलं की खरवडून, पातळ मातीचा हात देऊन नदीतल्या गुळगुळीत दगडाने घासायचं. हा थर ओलसर आहे तोवरच घासणं संपवावं लागतं, मध्ये थांबलं की चकाकी गेली. मग हुलियान त्या चकाकीवर पातळ मातीनेच नक्षी काढायचा. नक्षीचा भाग घासलेला नसल्यामुळे तो मंद राहतो. काळ्यावर काळी नक्षी! ही युक्ती दोघांना १९१८-१९ च्या सुमारास साधली.

आणि काळा रंग? तो रंग नव्हेच. भांडी उघड्यावर, लाकडं आणि गोवऱ्या रचून भाजतात. ऐन वेळी त्यावर घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून आग कोंडतात. आत ऑक्सिजन कमी पडतो, मातीतल्या लाल आयर्न ऑक्साईडचं काळ्या ऑक्साईडमध्ये रिडक्शन होतं आणि धुरातला कार्बनही भिनतो. आग कोंडली नाही तर तेच भांडं लाल निघतं. आणि ओल राहिली असेल तर फुटतं. कित्येक दिवसांची मेहनत एका आवाजात खलास!

पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. गावात शेतीवर भागत नव्हतं. मारियाने ही युक्ती लपवून ठेवली नाही, गावातल्या बायकांना शिकवली. तिची सही असलेल्या भांड्याला जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर ती दुसऱ्या बायकांच्या भांड्यांवरही सही करायची, असं सांगतात. आपल्या दृष्टीने ही चक्क फसवणूक. तिच्या दृष्टीने मात्र माती सगळ्यांची होती. कोण बरोबर, यावर आमच्या रूमवर रात्री दोनपर्यंत वाद झाला. निकाल लागला नाही.

हुलियान १९४३ मध्ये गेला. पुढे सून सांताना आणि मग मुलगा पोपोवी दा नक्षी काढू लागले. मारिया १९८० मध्ये गेली. तिच्या घरात आणि गावात ही कला पुढे चालत राहिली.

मित्रांनो, आपण साधी जर्नल दाखवताना दहा वेळा विचार करतो. मारियाने तर आपलं पोट ज्यावर चालतं तेच दाखवून टाकलं. पुढच्या सबमिशनला एवढं आठवलं तरी पुरे!