जाहिरातीचा ग्राफ कुठे वळतो? दुसरं डेरिव्हेटिव्ह सांगतं

व्हिडिओत फळ्यावरचं गणित जरा घाईत झालं, म्हणून इथे वही-पेन घेऊन सावकाश करू.

समजा, तुम्ही घरून पुरणपोळी विकता. मोबाईलवरच्या जाहिरातीत आठवड्याला क्ष हजार रुपये घातले, तर १२क्ष² − क्ष³ इतक्या ऑर्डर येतात. (सूत्र उदाहरणापुरतं आहे, तुमचं वेगळं असेल.) १ हजाराला ११ ऑर्डर, २ ला ४०, ३ ला ८१, ४ ला १२८, ५ ला १७५, ६ ला २१६, ७ ला २४५.

पहिलं डेरिव्हेटिव्ह २४क्ष − ३क्ष². हा ऑर्डर वाढण्याचा वेग. दुसरं २४ − ६क्ष. तो वेग वाढतोय की मंदावतोय, ते हे सांगतं. क्ष ४ पेक्षा कमी असताना ते धन, म्हणजे ग्राफ सरळ ठेवलेल्या वाटीसारखा. ४ ला शून्य. पुढे ऋण, वाटी पालथी. चिन्ह बदललं, म्हणून ४ हा वळणबिंदू. नुसतं शून्य येऊन भागत नाही हं! क्ष⁴ चं दुसरं डेरिव्हेटिव्ह १२क्ष². ते ० ला शून्य होतं, पण दोन्हीकडे धनच राहतं. तिथे वळण नाही.

आता खरी गंमत. वळण आलं की जाहिरात बंद करायची, असं पुष्कळांना वाटतं. हिशेब करून बघा. जाहिरातीचा खर्च न धरता एका ऑर्डरमागे ३० रुपये सुटतात असं धरू. ४ हजार घातल्यावर सुटले ३,८४०, म्हणजे १६० रुपये तोटाच! पाचवा हजार ४७ ऑर्डर आणतो, १,४१० रुपये. सहावा ४१ आणतो, १,२३०. सातवा फक्त २९, ८७० रुपये, आणि घातले हजार. म्हणजे थांबायचं ६ हजारांवर, तिथे ४८० नफा आहे. वळणानंतर मिळकत मंदावते, लगेच संपत नाही. उलट पहिल्या हजारावर ३३० च सुटले म्हणून जाहिरातीला नावं ठेवणारे तर वळणाच्या कितीतरी आधीच पळतात.

तुमच्याकडे सूत्र नसणारच. मग खर्च हजार-हजाराने वाढवा आणि वाढलेल्या ऑर्डर लिहा: ११, २९, ४१, ४७, ४७, ४१. आता यांच्यातले फरक: १८, १२, ६, ०, −६. हेच तुमचं दुसरं डेरिव्हेटिव्ह. होळीचा आठवडा मात्र यात धरू नका. त्या ऑर्डर जाहिरातीने आलेल्या नसतात.