अवयवरोपण झालेले मूल : औषधाचे घड्याळ साऱ्या घराचे

नवजात बाळाच्या काविळीवर या सदरात पूर्वी लिहिले होते. तो लेख वाचून मुरूड तालुक्यातील एका कोळी कुटुंबातील आई दवाखान्यात आली. म्हणाली, "डॉक्टर, ऑपरेशन झाल्यावर घरात काय काय करावं लागतं, ते पण लिवा." तिच्या मुलावर दीड वर्षाचा असताना यकृतरोपण झाले. आज तो पाच वर्षांचा आहे. त्या घराच्या संमतीने, नाव-गाव न सांगता, आजचा हा पाठ देत आहे.

रोपण कशासाठी?

काही बाळांच्या यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळ्या जन्माच्या सुमारासच बंद पडतात. कावीळ १४ दिवसांनंतरही टिकते, शी पांढुरकी होते आणि लघवी गडद पिवळी होते. अशा बाळाला नुसते कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहू नये. जपानमधील डॉ. कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली, तर यशाची शक्यता अधिक असते. तरीही पुष्कळ मुलांना पुढे यकृतरोपण करावेच लागते.

भारतात लहान मुलाचे पहिले यशस्वी यकृतरोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झाले. संजय कंदसामी हे ते बाळ तमिळनाडूतील कांचीपुरमचे, २० महिन्यांचे होते. याच आजारामुळे त्याचे यकृत निकामी झाले होते. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला. ते बाळ मोठे होऊन स्वतः डॉक्टर झाले. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे.

आपल्या या घरात वडिलांचा रक्तगट जुळला नाही. आईने यकृताचा लहानसा भाग दिला. दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत वाढून भरून येते. परंतु सुरुवातीचे दोन-तीन महिने तरी त्याने जड उचलायचे नसते. म्हणजे पोटावर टाके घेऊन आलेली ही बाई स्वतःच विश्रांतीची गरज असलेली रुग्ण होती. तरी घरी परतल्यावर मुलाचे सारे तिच्याच अंगावर पडले.

घर कुठे चुकले?

शरीराचे पहारेकरी नव्या अवयवाला परका समजून त्यावर हल्ला करतात. त्यांना आवरण्यासाठी टॅक्रोलिमससारखी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. ती साधारणतः दर १२ तासांनी, ठरलेल्या वेळी द्यायची. मात्रा कमी पडली तर यकृत नाकारले जाते. जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा होते आणि जंतुसंसर्ग बळावतो.

हे सारे त्या घरात फक्त आईला ठाऊक होते. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, वडीलही गेले. भाद्रपदात आईला डेंग्यूचा ताप आला व ती अंथरुणाला खिळली. आजीला वाटले, मूल तर हसते-खेळते आहे, दोन दिवस औषध राहिले तर काय बिघडणार? चार मात्रा चुकल्या. पुढच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले आणि मुलाला मुंबईच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. वेळीच उपचार झाले म्हणून यकृत वाचले.

यात आजीचा दोष नव्हता. तिला कोणी शिकवलेच नव्हते. वडील, आजी व थोरली बहीण अशा तिघांना मी दवाखान्यात बोलावले. आजी म्हणाल्या, "मना वाचता येत नाय, पन घड्यालाचा काटा कलतो." मग आठ वर्षांच्या बहिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात सूर्य व चंद्र काढले. सकाळची मात्रा दिली की सूर्यावर फुली, रात्रीची दिली की चंद्रावर फुली. मात्रा मोजण्याच्या सिरिंजवर रंगीत खूण केली. त्यानंतर त्या घरात एकही मात्रा चुकलेली नाही.

सर्वांनी पाठ करावे असे नियम

१) मात्रा चुकली तर पुढची दुप्पट देऊ नये. उलटीतून पडली तर रोपण केंद्राला फोन करून विचारावे.

२) रक्तातील औषधाची पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळची मात्रा रक्त दिल्यानंतर द्यावी.

३) औषधाची कंपनी आपल्या मनाने बदलू नये.

४) निदान १५ दिवसांचे औषध घरात शिल्लक ठेवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. झाडे पडून रस्ते अडले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी औषधासाठी मुंबई गाठणे कठीण होते.

५) ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून जास्त, डोळे पिवळे, शी पांढरी, सतत उलट्या किंवा जुलाब, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी केंद्राशी बोलावे. जुलाबात रक्तातील टॅक्रोलिमस वाढू शकते, म्हणून तेही क्षुल्लक समजू नयेत.

६) कोणत्याही डॉक्टरकडे जाताना रोपणाची फाइल सोबत न्यावी. येथे माझीच गोष्ट सांगतो. या मुलाला खोकला झाला तेव्हा मी नेहमीच्या सवयीने क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले. आई म्हणाली, "डॉक्टर, तिकडं विचारून मग देऊ का?" मी फोन केला. त्या औषधाने टॅक्रोलिमसची पातळी फार वाढली असती. तिने विचारले हे बरे झाले. आयबुप्रोफेनही टाळावे, ते मूत्रपिंडाला बाधते.

खाणे-पिणे

पाणी खळखळून उकळलेले द्यावे. मासळी, तिसऱ्या, अंडी पूर्ण शिजवावीत. फळे धुऊन, सोलून द्यावीत. मात्र पपनस कधीही देऊ नये, त्याने औषधाची पातळी बिघडते. गणपतीच्या फळांत ते असते, म्हणून त्या दिवसांत पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि या औषधाने ते रक्तात आधीच वाढू शकते. म्हणून शहाळेही विचारूनच द्यावे. सुकी मासळी खारट असते, ती बेताने.

काविळीचे गावठी औषध वा काढे मुळीच देऊ नयेत. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत.

लस, शेजार, शाळा

गोवर-रुबेला व कांजिण्यांसारख्या जिवंत लसी शक्यतो रोपणापूर्वीच देतात. रोपणानंतर त्या केंद्राच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. घरात पाच वर्षांखालील दुसरे भावंड असेल तर पोलिओचे थेंब पाजण्यापूर्वी आरोग्य सेविकेला सांगावे. त्याला त्याऐवजी इंजेक्शनची लस देता येते. शेजारी कांजिण्या आल्या आणि मुलाचा संपर्क झाला, तर पुरळाची वाट न पाहता लगेच कळवावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात अनवाणी सोडू नये, आपल्याकडे लेप्टोचे भय आहे.

पण म्हणून मुलाला घरात कोंडायचे काय? मुळीच नाही. सुरुवातीचे काही महिने गर्दी टाळली की मूल अंगणवाडीत जाऊ शकते, खेळू शकते, दंगा करू शकते. चुकले तर त्याला रागवावे देखील. आजारी म्हणून सारे हट्ट पुरवले तर मूल हट्टीच होते.

थोरलीची पोटदुखी

याच घरातील थोरली मुलगी वर्षभर पोट दुखते म्हणून माझ्याकडे येत होती. तपासणीत काही सापडेना. एकदा तिला एकटीला विचारले, तेव्हा म्हणाली, "भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला चार महिने आत्याकडं ठेवलं. आई एकदाच आली." दुखणे पोटात नव्हते. मी आईवडिलांना सांगितले की रोज अर्धा तास फक्त तिच्यासाठी काढा. सूर्य-चंद्राची फुली मारण्याचे काम तिच्याकडे आले आणि पोटदुखी कमी होत गेली.

पैशाची ओढाताण अशा प्रत्येक घरात असते. रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज करावा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्याची चौकशी करावी.

वाचकहो, शस्त्रक्रिया मोठे सर्जन करतात, पण ते यकृत पुढे टिकवायचे असते घराने. त्या घरातील एकच माणूस सारे सांभाळत असेल, तर त्याच्या एका आजारपणाने मुलाचा जीव धोक्यात येतो. आपल्या नात्यात वा शेजारी असे मूल असेल तर खाऊ घेऊन जाण्याऐवजी त्याच्या आईकडून औषधाच्या वेळा शिकून घ्या, आणि एका संध्याकाळी तिला सांगा, "आज तू झोप, आठचे औषध मी देते."