ऋषीची भाजी व परसातील बी
(इयत्ता तिसरी व चौथीच्या परिसर-अभ्यासासाठी)

भाद्रपद शुद्ध पंचमी ही ऋषिपंचमी होय. या दिवशी महाराष्ट्रातील पुष्कळ घरी एक विशिष्ट भाजी शिजते. तिचा नेम असा की, बैलाच्या श्रमाने पिकलेले काहीही तीत पडता कामा नये. नांगरलेल्या शेतातील पीक वर्ज्य असल्यामुळे भाजीची सामग्री येते ती घरामागच्या परसातून, कुंपणावर चढलेल्या वेलांवरून आणि रानातून. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, चवळीच्या शेंगा, मक्याचे कणीस अशा हाताशी येतील तितक्या जिनसा एकत्र शिजवतात. फोडणी नाही, मसाला जवळजवळ नाही. त्या वर्षी परसात काय पिकले आणि काय साधले नाही, याची मोजदादच जणू त्या एका पातेल्यात होते.

या व्रताच्या कथेत स्त्रियांच्या मासिक धर्माविषयी जी समजूत आहे, ती वर्गात आणण्याचे काही कारण नाही. सर्वच मुलांच्या घरी हे व्रत असते असेही नाही. परंतु परस, वेल आणि बी ही हिंदू, मुसलमान, बौद्ध, आदिवासी सर्वांच्या घरची आहेत. पाठ घ्यावयाचा तो यांचा.

अलीकडे या भाजीचे तयार वाटे आदल्या दिवशी बाजारात विकावयास येतात व खेड्यांतूनही लोक ते घेतात. त्यांत दोष काढावा असे नाही. ज्याच्या घरामागे हातभर जागा उरलेली नाही त्याने काय करावे? तथापि बाजारातून भाजी येते, बी येत नाही. कोवळा दोडका पोटात जातो. बी धरावयाचे तर तो वेलावर पुरता वाळू द्यावा लागतो. ज्या घरात एखादा वाण सलग काही वर्षे लावला गेला नाही, त्या घरातील ते बी मरते आणि शेजारपाजारीही ते नसेल तर तो वाण गावातून कायमचा जातो. ज्या आजीला त्याची पारख होती ती गेली म्हणजे नावही उरत नाही. मुलांच्या लक्षात आणून द्यावयाची गोष्ट ती हीच.

पाठाचा आरंभ श्रावणात, पाऊस उघडलेल्या एखाद्या दुपारी, फेरीने करावा. दूरच्या डोंगरावर जाण्याची आवश्यकता नाही. शाळेपासून पाणवठ्यापर्यंत आणि तेथून परसांच्या मागील वाटेने परत, एवढी वाट पुरे. मुलांच्या पायांत पादत्राणे असावीत व पुढे चालणाऱ्याने काठीने गवत बडवीत जावे. या दिवसांत साप बांधावर असतात. रानभाज्या ओळखणारी गावातील एखादी वडीलधारी बाई बरोबर असल्यास फार उत्तम. टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली ती दाखवील तेव्हाच पाहावी. कोणतेही पान वा फळ मुलांनी तोंडात घालू नये, हा नियम निघण्यापूर्वी सांगावा आणि वाटेत पुन्हा सांगावा. कळलावीची तांबडी-पिवळी फुले मुलांना हमखास मोहात पाडतात, आणि त्या वेलीचा कंदापासून बीपर्यंत प्रत्येक भाग विषारी आहे.

परसांपाशी मात्र थांबावे. भोपळवर्गातील बहुतेक वेलींना नर व मादी फुले निराळी येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीच असते; ते एकदा दाखविले की मूल पुन्हा चुकत नाही. काकडी व लाल भोपळा सकाळी फुलतात, तर दोडका व दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात. पडवळाची पांढरी झालरीची फुलेही दिवस मावळल्यावरची. त्यांवर रात्रीचे पतंग येतात. म्हणून फेरी एकदाच न काढता एकदा शाळा भरण्यापूर्वी व एकदा सांजवेळी काढावी. दुसऱ्या फेरीस पालक सोबत आले तर अधिक बरे.

येथेच एक प्रश्न विचारावा. लांब दुधी व गोल दुधी शेजारी शेजारी लावले आणि एकाचा पराग दुसऱ्यावर गेला, तर फळ कसे येईल? मुले बहुधा ‘मधलेच’ असे सांगतात. वस्तुतः या वर्षीच्या फळात काहीच फरक दिसत नाही. फरक दिसतो तो त्याचे बी पुढच्या वर्षी लावल्यावर. ज्याला वाण शुद्ध राखावयाचा आहे तो मादी कळी उमलण्यापूर्वीच तिच्यावर पातळ कापडाची टोपी बांधतो, फुलल्यावर त्याच वाणाचे नर फूल तिच्यावर हलकेच फिरवितो व पुन्हा टोपी बांधतो. चौथीच्या मुलांना हे सहज जमते. दुधी कडू निघाल्यास तो खाऊ नये, त्याचा रस तर मुळीच घेऊ नये आणि त्याचे बीही धरू नये. तो कडूपणा विषारी असून शिजविल्याने जात नाही.

ती टोपी आणि बी ठेवावयाची पिशवी शिवण्यासाठी जुने लुगडे मागून आणावे. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे घरात कधी वाया जात नाही. बारशाच्या वेळी बाळाची कुंची व दुपटे त्याचेच होते, कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते. उरलेल्याची उन्हाळ्यात गोधडी होते. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. दोन मीटर लांबीची गोधडी धरल्यास एका लुगड्यात किती थर निघतील, हे गणित तिसरीच्या वर्गाने पाटीवर करावे व नंतर घरी मोजून पाहावे.

शिवण मुलगे व मुली दोघांनीही करावी. गोधडीचे थर धावदोऱ्याने धरले जातात, म्हणून मुले पिशवीलाही प्रथम धावदोराच घालतात. घालू द्यावा. तीत वालाचे बी राहील. माठाचे बी घातले की टाक्यांच्या फटींतून ते जमिनीवर सांडेल. मग टीप घालावयास सांगावे. टीप का घालावयाची हे त्यानंतर निराळे समजावून द्यावे लागत नाही. नागपंचमीस हा तास ठेवू नये. त्या दिवशी खणू नये, चिरू नये अशी रीत आहे व काही घरांत सुईही उचलीत नाहीत.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना होते. घटाभोवती मातीत धान्य पेरतात व दसऱ्यापर्यंत त्याचे उंच अंकुर येतात. कोणते धान्य जोमाने उगवले हे जाणता शेतकरी त्या वेळी न बोलता पाहून घेतो. वर्गात हाच प्रयोग ओल्या फडक्यात करावा. एका वाणाचे दहा दाणे गुंडाळून ओल राखावी व आठव्या दिवशी मोजावे. सात उगवले तर शेकडा सत्तर. पाचच उगवले तर आळ्यात दुप्पट बी टाकावे लागेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. घरोघरी उरलेले गावरान वाण त्यांनी गोळा केले, लावले, वाढविले आणि इतर स्त्रियांना वाटले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही माहिती मुलांना सांगावी, पण पाठांतरासाठी नव्हे. ती सांगून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईस विचारून यावे : तुमच्याकडे पूर्वी कोणता वेल होता, जो आता नाही? उत्तरे वहीत त्यांच्याच शब्दांत लिहावीत. एखाद्या नावाचा अर्थ शिक्षकास लागला नाही तरी ते गाळू नये.

दिवाळीनंतर वेलांवरची फळे वाळू लागतात. वाळलेल्या दोडक्यातील बी फोडून काढण्याची घाई करू नये. ते सालीतच सुरक्षित राहते, चुलीवरच्या धुरात टांगले तर अधिकच. इतर बी उन्हात खडखडीत वाळवून चाळलेल्या राखेत घोळावे व पिशवीत भरावे. पिशवीवर वाणाचे नाव, धरल्याचे वर्ष आणि ज्या घरातून बी आले त्या घरच्या आजीचे नाव शाईने लिहावे.

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी वाटप करावे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुष्कळ ठिकाणी वेलांची आळी घालतात, तेव्हा बी मुलांच्या हाती असले पाहिजे. निम्मे बी मात्र शाळेत राखावे, कारण ज्याच्याकडे दिले त्याच्याकडचा वेल बकरी खाईल, हे गृहीत धरलेले बरे. भोपळा-काकडीचे बी नीट ठेवल्यास तीन-चार वर्षे टिकते. कांद्याचे बी वर्षभरातच दम सोडते. त्याची पिशवी पुढील वर्षावर टाकू नये.