पेशी पाहायची तर उजेडही घडवावा लागतो

निकालाच्या दिवसांत चाकूरमधल्या घराघरांत एकच हिशेब चालतो: नीटला मार्क किती पडले, आणि लातूरला ठेवून रिपीट करायचं की नाही. या हिशेबात चूक नाही; लातूर पॅटर्नने या भागातल्या कितीतरी घरांचे दिवस पालटले. पण २०२४ मध्ये नीट दिलेल्यांचा आकडा २३ लाखांवर होता आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत. म्हणजे दुसऱ्या वाटेचा विचार रिपीटची दोन वर्षं सरल्यावर करून चालत नाही, तो अकरावीतच व्हायला हवा. अशी एक वाट म्हणजे सॉफ्ट एक्स-रे सूक्ष्मदर्शकाची. नाव ऐकून पालकांना वाटेल, इतक्या अरुंद गल्लीत पोराला कशाला धाडायचं? पण ही गल्ली पुढे मोठ्या रस्त्याला मिळते.

आधी यंत्र समजून घेऊ. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्याच्या खूप खाली उतरतो, पण पेशीच्या आतलं पाहायचं तर तिचे पातळ काप करावे लागतात. सॉफ्ट एक्स-रे या दोहोंच्या मधली जागा भरून काढतात. २.३ ते ४.४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात पाणी बरंचसं पारदर्शक असतं, प्रथिनांतला कार्बन मात्र हे किरण शोषतो. त्यामुळे गोठवलेली अख्खी पेशी न कापता, न रंगवता आतून पाहता येते. अडचण किरणांची. ते पुरेसे प्रखर हवेत म्हणून सिंक्रोट्रॉन या भल्यामोठ्या कणत्वरकाकडे जावं लागे; इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचा परीघच १७२.५ मीटर आहे. लेसर-प्लाझ्माने हा पसारा खोलीत आणला. द्रव नायट्रोजनच्या बारीक धारेवर लेसरचा स्पंद आदळला की ती क्षणात लाखो अंशांपर्यंत तापते, तिचा प्लाझ्मा होतो आणि नेमके हवे ते किरण बाहेर पडतात. स्टॉकहोमच्या संशोधकांनी ही पद्धत घडवली. डब्लिनची सिरियसएक्सटी ही कंपनी तर प्रयोगशाळेच्या खोलीत मावणारा असा सूक्ष्मदर्शक आज बनवते.

आता हे यंत्र बांधायला काय काय यावं लागतं ते पाहा. लेसर जुळवता यायला हवा. हे किरण हवेतच शोषले जातात, म्हणून निर्वात कक्ष गळती न होता टिकवता यायला हवा. किरण वळवणारे आरसे आणि ते केंद्रित करणाऱ्या झोन प्लेट कळायला हव्यात, आणि आलेल्या प्रतिमेतून गणिताने अर्थ काढता यायला हवा. हीच कसबं इतरत्रही लागतात. अत्याधुनिक चिप ज्या यंत्रावर छापल्या जातात, त्या एएसएमएल या कंपनीच्या यंत्रात कथलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा लेसर मारून १३.५ नॅनोमीटरचे किरण काढतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीव्र लेसरने प्लाझ्मा करण्याचे प्रयोग चालतात. आणि नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ज्या लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली, त्याचा सगळा डोलारा लेसर, आरसे आणि निर्वात नळ्या यांच्यावरच उभा राहणार आहे. इंदूरचं केंद्र त्यातही भागीदार आहे.

"पण नोकऱ्या किती?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. फक्त या सूक्ष्मदर्शकावरच्या जागा मोजल्या तर भारतात त्या फारच थोड्या निघतील, हे कबूल केलं पाहिजे. म्हणूनच यंत्राच्या नावावर करिअर बेतू नये, त्यामागच्या कसबांवर बेतावं. "पीएचडीपर्यंत पोराला पोसायचं कुणी?" हाही प्रश्न येतो. नेट किंवा तत्सम परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. डॉक्टरच्या कमाईशी तिची तुलना होणार नाही, पण घराकडे हात पसरावा लागत नाही. "आपल्या गावाचा याच्याशी काय संबंध?" असंही कुणी म्हणेल. इंदूरच्या केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये झाली, तेव्हा केंद्र सरकारात विज्ञान व अणुऊर्जा खात्यांचे राज्यमंत्री चाकूरचेच शिवराज पाटील होते. गावाचं नाव तिथवर पोचलेलं आहे. गावच्या मुलांनी तिथे शिकायला जावं, एवढंच उरलं आहे.

वाटा तीन आहेत. बारावीनंतर आयसरची आयएटी परीक्षा; जीवशास्त्र घेतलेल्यांनाही ती देता येते, मात्र तिच्यात गणिताचे प्रश्न असतात, म्हणून अकरावीत गणित टाकून देऊ नये. दुसरी वाट लातूर-नांदेडच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्रात बीएस्सी आणि पुढे आयआयटीची जॅम परीक्षा. तिसरी आयटीआय किंवा पदविकेची, कारण निर्वात कक्ष शेवटी कुशल फिटर आणि वेल्डरच्या हातून उभा राहतो. ज्याला भौतिकशास्त्राची मनापासून ओढ नाही, त्याने केवळ नीट हुकली म्हणून इकडे वळू नये. इथेही चिकाटी तेवढीच लागते. पण ज्या मुलीला पेशीचं चित्र काढण्यापेक्षा ते चित्र दिसतं कसं याचं कुतूहल जास्त आहे, तिला आणखी एक वर्ष रिपीटला बसवण्याआधी हे कुतूहल किती खोल आहे, ते घरात एकदा नीट विचारून घ्यावं.